मोठ्या मनाने दिलेली जागा

“…आणि अशा रीतीने त्या गावाने जातपात, भावकी आणि हेवेदावे बाजूस सारून आपली जागा एका बौद्ध भगिनीस मोठ्या मनाने देऊन टाकली. आमचे सहप्रवासी प्राध्यापक यांच्या प्रबोधनाचाही या परिवर्तनात थोडाफार वाटा होता, हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.”

हा उतारा माझे स्नेही वसंतराव यांच्या लेखातील आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वार्षिक अंकात तो छापून आला, आणि तेव्हापासून सकाळच्या फिरण्यात तीन जणांनी मला हात जोडून ‘परिवर्तना’बद्दल धन्यवाद दिले आहेत. उताऱ्यात दोन विधाने आहेत आणि दोन्ही खोटी आहेत. पहिले खोडून काढताना मला आनंद होतो. दुसरे खोडताना यातना होतात, कारण माझ्याविषयी इतके चांगले वाक्य यापूर्वी कोणी छापलेले नाही. तरीही सत्यासाठी, आणि वसंतराव खोटे ठरावेत यासाठी, मी त्याही सोसणार आहे.

पेठ

वसंतरावांचे व्याही रामभाऊ यांचे गाव येडगाव धरणाच्या फुगवट्याकाठी आहे. गावाचे नाव मी देत नाही. वसंतरावांनी दिले आहे, पण त्यांना तिथे पुन्हा हुरडा मिळणारच आहे. निमंत्रण हुरड्याचेच होते, पण त्याच आठवड्यात तिथे ग्रामपंचायतीची निवडणूक असल्याचे कळल्यावर मी स्वेटर घालून तयार झालो. लोकशाहीत मतदार हा प्रथम व्यक्ती असतो आणि जात, भावकी, धर्म ही त्याने मतदान केंद्राबाहेर काढून ठेवायची पादत्राणे होत, असे मी आयुष्यभर शिकवले. ती पादत्राणे बाहेर काढून ठेवलेली एकदा प्रत्यक्ष पाहावीत, अशी इच्छा होती.

नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावी आम्ही मिसळीसाठी थांबलो. बाकावर शेजारी बसलेल्या फेटेवाल्या गृहस्थाने विचारले, “पावणं, कुठलं म्हणायचं?”

“पुण्याचा.”

“आन् आडनाव?”

मी तत्त्वासाठी मिसळही थंड होऊ देणारा माणूस आहे. म्हणालो, “आडनावाचे काय काम? मी नागरिक आहे.”

त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे सहानुभूतीने पाहिले. “ज्येष्ठ नागरिक व्हय. मंग तिकडं उन्हाला बसा राव, हितं गार लागंल.” आणि त्याने मला हाताला धरून उन्हात नेऊन बसवले. वसंतरावांनी तोवर त्याला माझे आडनाव, मूळ गाव आणि कुलदैवत अशी सर्व माहिती पुरवली होती. त्यावरून त्या गृहस्थाने माझ्या एका मावसभावाशी आपली ओळख काढली, आणि मिसळीचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत. तत्त्व हरले, पण रस्सा उत्तम होता, आणि तो मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

फुगवट्याकाठी

डिसेंबरातल्या त्या पट्ट्याचे वर्णन वसंतरावांनी ‘हिरवा शालू’ असे केले आहे. त्यांनी प्रत्येक गावाला हा शालू नेसवलेला असल्याने मी ते सोडून देतो. मला दिसले ते असे: धरणाचे निळे पाणी थेट द्राक्षबागेच्या तारांपर्यंत आलेले, कांद्याच्या रोपांच्या ओळीत वाकलेल्या बायका, आणि उरलेल्या सगळ्या जागेत ऊस. उसात बिबटे. तिन्हीसांजेला उसाच्या वाटेने जायचे तर लोक मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतात, म्हणजे बिबट्या बाजूला होतो.

रामभाऊंनी आमचे स्वागत मासवडीने केले. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून केलेली ती वडी झणझणीत रश्शात सोडली होती. घरी आम्ही पाहुण्यापुढे ताट ठेवून ‘अजून घ्या’ असे म्हणतो. इथे कोणी म्हणत नाही, सरळ वाढतात. संमतीशिवाय कोणावर काही लादू नये, हा सिद्धांत मी तिथे मांडला आणि मांडता मांडता पाच वड्या खाल्ल्या.

जेवणानंतर रामभाऊंनी राजकारण सांगितले. सबंध गावात एका आडनावाची दोन घराणी, थोरली पाती आणि धाकटी पाती. मूळ पुरुष एक, खंडोबा एक, पण एका पाणंदीवरून दोन पिढ्यांपूर्वी बिनसलेले. यंदा त्यांच्या वॉर्डातील जागा सर्वसाधारण होती. थोरल्या पातीतर्फे रामभाऊंचा पुतण्या उभा होता आणि धाकट्या पातीतर्फे दत्ता नावाचा ट्रॅक्टरवाला.

“औंदा जागा ओपन हाय,” रामभाऊ म्हणाले, “म्हंजे आमची.”

“ओपन म्हणजे सर्वांची,” मी म्हणालो.

“सगळ्यांचीच की, सर. पर ह्यांची राखीव हाय, त्यांची राखीव हाय, बायांची राखीव हाय. मंग समद्यांचं काढून जी उरली, ती कुणाची?”

सर्वसाधारण जागा कोणासाठीही राखून ठेवलेली नसते, हे मी वर्गात एका वाक्यात शिकवत असे आणि कधी कोणी शंका काढली नाही. शंका काढणारा विद्यार्थी मला असा निवृत्तीनंतर, मासवडी खाऊन सुस्तावलेल्या अवस्थेत भेटला. योग्य ते उत्तर मला परत येताना चाकणजवळ सुचले.

“तिसरी एक बाई हाय मधी,” रामभाऊ पुढे म्हणाले. “सुमन. गिरणीवाली. बौद्ध वस्तीतली. आमी दोन्ही पातीचे मिळून गेलो तिच्याकडं. म्हनलं ताई, फॉर्म मागं घे, पुढच्या खेपंला राखीव पडली की आमीच तुला बिनविरोध करतो. तर काय म्हनावं बाईनं? ‘मंग ही कुणाची राखीव हाय, तेवढं सांगा.’”

रामभाऊंनी हे तिच्या उद्धटपणाचा पुरावा म्हणून सांगितले. वसंतराव हसले. मी हसलो नाही, कारण हे वाक्य पाच मिनिटांपूर्वी मला का सुचले नाही, याचा मला राग आला होता.

गिरणी

त्याच संध्याकाळी मी सुमनताईंना भेटायला एकटा निघालो. वाट उसातून होती. माझ्या मोबाइलमध्ये गाणी नाहीत, म्हणून ‘व्यक्तिस्वातंत्र्य आणि समूहनिष्ठा’ हे माझे जुने व्याख्यान मी खड्या आवाजात म्हणत गेलो. वाटेत एकही बिबट्या आला नाही. माझ्या व्याख्यानाचा इतका निर्विवाद प्रभाव मी याआधी पाहिलेला नव्हता.

सुमनताई पन्नाशीच्या, पिठाने भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि बोलताना समोरच्याचे वाक्य अर्ध्यावर तोडणाऱ्या. माझीही तीच सवय असल्याने आमचे बराच वेळ काहीच पुरे होईना. घर गिरणीला लागूनच. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्टीलचे कपाट. त्यांनी चहा आणला. मी तो जरा जास्तच समाधानाने, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

“सर,” त्या म्हणाल्या, “चहाच हाय. कुणी फोटो काढत न्हाई तुमचा.”

मी कप खाली ठेवला. असा पकडला जाण्याची मला सवय नाही. मी चटकन विषय बदलून, त्यांनी पुढच्या खेपेची खात्रीची जागा का सोडली, असे विचारले.

“राखीवर आले तर म्हणतील सरकारनं दिली. बिनविरोध झाले तर म्हणतील गावानं दिली. मला कुणी दिलेली नकोय. मला मतं मोजून पायजेत. दोन मतानं पडले तरी चालंल, पर ती दोन मतं मोजलेली पायजेत.”

“मग हेच पत्रकात लिहू. मी मजकूर करून देतो.”

“कागद नको, सर. हितं कागदात मिरचीच्या पुड्या बांधत्यात.”

वस्तीतल्या तरुणांनी गिरणीवर निळा झेंडा लावू का, असे विचारले होते. त्यांनाही त्यांनी नाही म्हटले होते. “माझ्या घरावर लावा, लई मोठा लावा. गिरणीवर नको. तिथं समद्यांचं दळण येतं.” तरुण त्यामुळे नाराज होते, आपलीच माणसे आपल्याला लाजतात असे म्हणत होते. म्हणजे दोन पाती सुमनताईंच्या विरोधात होत्याच, आता घरचेही रुसले होते. माझ्या सिद्धांतानुसार त्या निखळ ‘नागरिक’ झाल्या होत्या, आणि माझ्या हिशेबाप्रमाणे अनामत रक्कम गमावण्याच्या मार्गावर होत्या. मी त्यांना तसे मोठ्या मायेने सांगितले. निकालाबाबत माझे हे एकमेव भाकीत होते, हे वसंतरावांनी लिहिलेले नाही.

भंडारा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गिरणीवर गेलो. दळणासाठी पाचसहा बायका डबे घेऊन बसल्या होत्या. मी प्राध्यापक आहे हे कळल्यावर त्यांच्यातल्या वयाने मोठ्या ठकूमावशींनी मला एक प्रश्न घातला. गावात मतासाठी पैसे फार चालत नाहीत, खंडोबाचा बेलभंडार चालतो. उमेदवाराची माणसे देवळात ताट पुढे धरतात, आपण हळदीचा भंडारा आणि बेलाचे पान उचलायचे, म्हणजे मत त्यालाच देण्याची शपथ झाली. ती मोडली तर देव बघतो.

“आता झालंय असं,” मावशी म्हणाल्या, “थोरल्या पातीनं सोमवारी उचलायला लावला. आमी उचलला. धाकट्या पातीला कळलं, त्यांनी मंगळवारी लावला. आमी तो बी उचलला.”

“का उचलला?” मी विचारले.

“मंग काय करता? न्हाई म्हनलं तर त्यांना कळंल की सोमवारी उचलला.”

“कुणी कुणी उचलला दोन्हीकडचा?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. “कुणी न्हाई उचलला ते इचारा,” एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

“आन् देव एकच,” मावशी म्हणाल्या. “दोन्ही टायमाला त्यालाच साक्षीला हुभा केला. आता मत कुणाला द्यायचं, सांगा तुमी. शिकलेलं हाय.”

उमेदवार असल्यामुळे सुमनताई या संभाषणापासून दूर राहू पाहत होत्या. “मी काय ऐकलं न्हाई,” असे म्हणून त्यांनी गिरणी चालू केली. त्यामुळे माझे उत्तर मला ओरडून द्यावे लागले. दडपणाखाली घेतलेली शपथ बंधनकारक नसते, मत गुप्त असते, राज्यघटनेला व्यक्तीचा विवेक अभिप्रेत आहे, असे सर्व मी जात्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगितले. मुद्द्यामागून मुद्दा असा मांडला की चष्म्यावर पीठ बसले तरी मी थांबलो नाही. वसंतरावांनी ज्याला ‘प्रबोधन’ म्हटले आहे ते हेच.

मी थांबलो तेव्हा गिरणीही थांबली. मावशी म्हणाल्या, “बोलला तुमी लई चांगलं. पर खंडोबाला हे म्हाईत हाय का?”

मी चष्म्यावरचे पीठ पुसू लागलो. मग मावशींनी डबा जवळ ओढला आणि स्वतःशीच बोलल्यासारखे केले.

“थोरल्याला दिलं तर धाकट्याची शपथ मोडती. धाकट्याला दिलं तर थोरल्याची. एकाची मोडायची आन् एकाची पाळायची, म्हंजे देवाच्या म्होरं दुजाभाव. त्यापरीस दोघांची बी सारखीच मोडली, तर निदान कुणाला कमीजास्त केलं असं व्हत न्हाई. देवाला अन्याव चालत न्हाई.”

“आन् मंग मत?” कोणीतरी विचारले.

“ते काय मी सांगू? ते गुप्त अस्तं. सर आत्ताच म्हनले.”

माझ्या व्याख्यानातले तेवढेच एक वाक्य कामी आले, आणि तेही मला अभिप्रेत नसलेल्या कामी. मी असे मानत आलो की ओळखी एकेक करून गळून पडल्या की आत नागरिक सापडतो. इथे ओळखी उतरवायला कोणी तयार नव्हते. उलट त्या एकीवर एक इतक्या चढवल्या गेल्या होत्या की, दोन्ही बाजूंनी सारख्याच ओढल्या गेलेल्या माणसाला मधल्या मध्ये उभे राहण्यापुरती जागा मिळाली होती. मी लिहीत असलेल्या पुस्तकाच्या कोणत्या प्रकरणात हे बसवावे, ते मला अद्याप कळलेले नाही. माझ्या हस्तलिखिताचे सातवे प्रकरण त्यामुळे अडून आहे.

लेण्याद्री

प्रचार संपल्यावर रामभाऊ घरात बोटांवर मते मोजत बसले, म्हणून आम्ही लेण्याद्रीला गेलो. वसंतराव पायऱ्या चढले. मी डोलीत बसलो, गुडघ्यांसाठी. वर जाताना मी त्यांना, प्रत्येक माणसाने कुळाच्या खांद्यावरून उतरून स्वतःच्या पायांवर उभे राहणे हे आधुनिकतेचे लक्षण कसे आहे, ते समजावून देत होतो. दम लागल्यामुळे त्यांना प्रतिवाद करता येईना, ही संधी मी सोडली नाही. मागचा डोलीवाला म्हणाला, “बाबा, बोला खुशाल, पर हातवारे करू नका. तोल जातो.”

वर बौद्ध भिक्षूंनी कोरलेली लेणी आहेत आणि त्यांतल्या एकात गणपती आहे. एकाच कातळात एकाने कोरले आणि दुसऱ्याने पुजले. हे कोणाचे, यावर दोन तरुण मोबाइल हातात घेऊन तावातावाने भांडत होते. मी मध्यस्थी करण्यासाठी पुढे झालो. दोघांनी एकदमच मला माझे आडनाव विचारले. मी डोलीत जाऊन बसलो. खाली जुन्नरची कौले, शेते आणि पलीकडे शिवनेरीचा कडा स्वच्छ उन्हात दिसत होता, आणि तो कोणाचा हे त्या क्षणी कोणी विचारत नव्हते.

मतदान

मतदानाच्या दिवशी शाळेपासून नियमाइतक्या अंतरावर दोन्ही पात्यांची माणसे टेबले टाकून बसली होती. येणाऱ्या प्रत्येक माणसाला दोन्ही टेबलांवरून सारख्याच आपुलकीने हाक येई, “या मामा,” “या भाऊ,” आणि तो प्रत्येकाला सारखीच मान हलवून आत जाई. भंडाऱ्याच्या हिशेबाने सबंध वॉर्ड थोरल्या पातीचा होता, आणि सबंध वॉर्ड धाकट्या पातीचाही होता. दोन्हीकडे गुलालाची पोती येऊन पडली होती.

सुमनताईंना टेबल नव्हते. त्या मत देऊन आल्या आणि झाडाखाली उभ्या राहिल्या. ठकूमावशी बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी तिघांकडेही पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “सर, बोटाला शाई लई घट्ट लावत्यात हो.” यापलीकडे मला काही ठाऊक नाही, आणि असते तरी सांगितले नसते.

जुन्नर

मोजणी जुन्नरला तहसील कचेरीत होती. उमेदवार आणि प्रतिनिधी आत, बाकी आम्ही बाहेर उन्हात. वसंतराव लिहितात की निकाल जाहीर होताच ‘गावकऱ्यांनी भगिनीस आनंदाने खांद्यावर घेतले’. खांद्यावर कोणी घेतले नाही. निकाल कळला तेव्हा फाटकाजवळ अशी शांतता पडली की भेळवाल्याचे उलथने ऐकू येत होते. सुमनताई थोड्या मतांनी पहिल्या आल्या होत्या. वस्तीतले नाराज तरुण धावत पुढे आले, पण त्यांनाही घोषणा कोणती द्यायची हे ठरलेले नव्हते.

“जातीवर मतदान झालं,” रामभाऊ म्हणाले.

“कुणाच्या?” मी विचारले. “बौद्धांची घरे वॉर्डात मोजकीच आहेत. बाकीची सारी तुमची.”

रामभाऊंनी माझ्याकडे पाहिले, मग धाकट्या पातीच्या दत्ताकडे पाहिले. दोन पिढ्यांत जे घडले नव्हते ते तिथे, भेळेच्या गाडीजवळ घडले. दोघे बाजूला जाऊन हळू आवाजात बोलले, गाड्या लावल्या होत्या तिकडे जाऊन आले आणि एकत्र आत गेले. थोड्या वेळाने कळले की दोन्ही पात्यांनी मिळून फेरमोजणीचा अर्ज दिला आहे.

तोवर सुमनताई बाहेर आल्या होत्या. हातात कोणीतरी दिलेला हार होता, तो त्यांनी गळ्यात घातलेला नव्हता. कचेरीतल्या शिपायाने खुर्ची पुढे केली. “बसा ताई, आलाय की तुमी निवडून.”

“मोजून होऊ द्या,” त्या म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.

अर्ज मंजूर झाला. यंत्रातले आकडे पुन्हा वाचले गेले. यंत्राला भावकी नसल्यामुळे ते तेच आले. मग त्या बसल्या, आणि त्यांनी हार घातला. मी अभिनंदन करायला पुढे झालो तेव्हा म्हणाल्या, “बघा सर, दोनदा मोजून घेतली.” अनामत जप्त होईल हे माझे भाकीत त्यांच्या लक्षात होते की नाही, कोण जाणे. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिले नाही.

तेव्हा, गावाने जागा मोठ्या मनाने देऊन टाकली, हे वसंतरावांचे विधान. देऊन टाकलेली वस्तू कोणी मोजत नाही, आणि मोजलीच तर दुसऱ्यांदा मोजून मागत नाही. यावर वसंतराव म्हणतील की मी दूर होतो, मला नीट दिसले नसेल, अर्ज कोणी दिला हे सांगोवांगीचे आहे. म्हणून वाद वाढवत नाही. रामभाऊंचे अक्षर वाचवत नाही आणि दत्ताजवळ पेन नव्हते. तो फेरमोजणीचा अर्ज वसंतरावांनी, आपल्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, स्वतःच्या हाताने लिहिला.